ऑक्सिजनचा जोड

बंगळूर, २ ऑक्टोबर २०२५ (विजयादशमी)

सौ. संयोगिता पुरुषोत्तम महेंद्रकर यांस,

तुझ्या नावाआधी आता 'कै.' लिहावे असा संकेत आहे. बँकेने तो पाळला, विमा कंपनीने पाळला, मंडळाच्या वार्षिक पत्रिकेनेही पाळला. मी पाळणार नाही. तू गेलीस तेव्हा मी हयात होतो आणि अद्याप आहे. 'सौ.' ही उपाधी तुझ्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणास पोहोचतो, हे मला कोणी समजावून दिलेले नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी प्रक्षेपण केंद्रावरून तुला जी पत्रे धाडीत असे, ती तू लाल पेन्सिलीने तपासून उलट टपाली परत करायचीस. 'चिकपेटच्या कापड दुकानातील मराठी. कानडी वजा करून पुन्हा लिहावे,' हा तुझा शेरा मला तोंडपाठ आहे. त्या धाकाने माझी भाषा सुधारली. आज पेन्सिल कोणाच्याच हाती नाही, तरीही प्रत्येक वाक्य दोनदा वाचूनच पुढे जातो आहे.

काल आपल्या शुभंकरच्या कंपनीत आयुधपूजा झाली. तुला जाऊन वर्ष व्हायचे आहे, म्हणून मी पूजेस उभा राहिलो नाही. देवनहळ्ळीच्या पुढे, आपल्या शेडशेजारी द्राक्षबागेचे कुंपण आहे, तेथे खुर्ची टाकून बसलो. आतून घंटा ऐकू येत होती. कोहळा फोडल्याचा आवाज आला. गेली तीन वर्षे ही पूजा तू केलीस. टेस्ट स्टँडच्या चार लोखंडी पायांना हळदकुंकू लावायचीस आणि सर्वांना बजावायचीस, "इंजिनाला बोट लावायचं नाही हं. तो यांचा सोवळ्यातला देव आहे. माझ्या आजीचं सोवळं परवडलं, यांचं नको!"

सर्व हसत. मीही हसत असे. परंतु ते सोवळे खरेच होते, आणि ते पाळून घेण्याचे काम तू माझ्यापेक्षा चांगले करायचीस.

शुभंकरचे अग्निबाणाचे इंजिन तयार आहे. अठरा तारखेस, दिवाळीपूर्वी, पहिली प्रज्वलन चाचणी. सुखदा तिला 'हॉट टेस्ट' म्हणते. ती नागपूरची मुलगी, तुला आठवत असेल. चाचणीची सर्व जबाबदारी तिच्याकडे आहे. जुळणीचे काम भाग्यलक्ष्मीकडे आणि स्वच्छ कक्ष माझ्याकडे. सरकारी नोकरीत जे केले तेच मुलाच्या कंपनीत करतो आहे: ज्या भागांतून ऑक्सिजन जाणार ते धुणे, तपासणे, पिशवीत बंद करणे.

घरी आम्ही दोघेच. शुभंकर उठायच्या आत मी तुझ्या तसबिरीस हळदकुंकू लावतो आणि चहा ठेवतो. बोलणे शेडमध्ये होते, तेही दाब आणि तापमान यांविषयी. घरी होत नाही.

—

७ ऑक्टोबर

आज एक छायाचित्र पाहिले आणि तेव्हापासून मन ठिकाणावर नाही.

पूजेच्या दिवशी कोणीतरी काढलेले आहे. मागे झेंडूच्या माळा, पुढे इंजिन. इंजिनाच्या डाव्या अंगाला, जेथून ऑक्सिजनची नळी आत शिरते, तेथील प्लॅस्टिकच्या टोपीवर कुंकवाचा टिळा स्पष्ट दिसतो. जवळच पूजेचे तबक धरून भाग्यलक्ष्मी उभी आहे.

तू एकदा विचारले होतेस की तेलाच्या एका बोटाला मी एवढा का भितो. तेव्हा मी 'नियम आहे' असे उत्तर दिले. ते उत्तर नव्हते. आता देतो.

विमान आपल्या इंजिनासाठी हवेतून ऑक्सिजन घेते. अग्निबाणाला हवेच्या पलीकडे जायचे असते, म्हणून जाळायचे केरोसीन तो नेतोच, शिवाय ज्यात ते जळायचे तो ऑक्सिजनही बरोबर नेतो, तोही द्रवरूपात, उणे एकशे त्र्याऐंशी अंशांवर. दोन्ही नळ्या ज्वलनकक्षापर्यंत एकमेकींपासून दूर राहिल्या पाहिजेत. ऑक्सिजनच्या नळीत बोटावरचे तेल, तूप, वंगण काहीही राहिले, तर इंधन वेळेआधीच, नको त्या जागी पोहोचले असे होते. झडप उघडते, दाब एका क्षणात वाढतो, त्या दाबाने उष्णता निर्माण होते आणि तेवढा ठिपका पेट घेतो. मग ठिपका महत्त्वाचा राहत नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये पोलादाची नळीसुद्धा जळते. अशी जळालेली झडप मी नोकरीत पाहिली आहे. मेणासारखी वाहून गेली होती.

शुभंकरला छायाचित्र दाखवले.

"अण्णा, टिळा कॅपवर आहे," तो म्हणाला. "जुळणीच्या वेळी ती कॅप काढून आपण फेकली. विषय संपला."

"टोपीला लावताना हात आणखी कोठे लागला, ते छायाचित्रात येत नाही."

"मग काय, पूर्ण लाइन उतरवू? जोड उघडला की गळतीच्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. अठराला गुंतवणूकदार येतायत, त्यांना द्राक्षं दाखवू?"

"ऑक्सिजनला गुंतवणूकदार कळत नाहीत."

"अण्णा, प्लीज. हे असलं वाक्य तुम्ही आईला ऐकवायचात. ती हसायची. मला हसू येत नाही."

तुझ्या शेवटच्या महिन्यांत तुझ्या खोलीत ऑक्सिजनचे यंत्र होते, तेव्हा समई तेथून बाहेर न्यावी असे मी म्हणालो होतो. "देवालासुद्धा तुमची एन.ओ.सी. लागते का हो?" असे तू नळीआडून विचारलेस. त्या वेळी शुभंकर दारात उभा होता. तो हसला नव्हता. मी आजही म्हणतो, समई बाहेर नेणे योग्यच होते.

—

१० ऑक्टोबर

तोडगा निघाला. तो मला मान्य आहे असे मी लिहून दिले.

जोड उघडायचा नाही. मात्र भाग्यलक्ष्मीला जुळणीवरून काढून भांडारात बसवायचे. नियमभंगाचा अहवाल मी लिहिला. शुभंकरने तो माझ्यासमोर वाचला, बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि सही केली.

भाग्यलक्ष्मीला मी स्वतः बोलावून सांगितले. तिच्याशी मी कानडीत बोलतो. ती रडली नाही, याचे मला बरे वाटले. नंतर वाटले, रडली असती तर सोपे गेले असते.

"नानु मुट्टिल्ल, सर," ती म्हणाली. म्हणजे, मी हात लावला नाही. "अक्कांनी शिकवलं तसंच केलं. स्टँडच्या पायांना लावलं, वर नाही. कॅपला कोणी लावलं, मला काय ठाऊक? माझ्या हातात ताट होतं, म्हणजे बोट पण माझंच?"

"छायाचित्रात तूच जवळ आहेस."

"फोटोत तो गणपती पण जवळ आहे, सर. त्याला पण स्टोअरला पाठवा."

उद्धट उत्तर होते. मी ते अहवालात घातले नाही. जाता जाता ती वळून म्हणाली, "अक्का असत्या ना, तर आधी विचारलं असतं. मग लिहिलं असतं."

आता ती भांडारात स्क्रू मोजून डब्यांत भरते. येताजाता काचेतून दिसते.

—

१३ ऑक्टोबर

संयोगिता, आजचे पत्र तू लाल पेन्सिलीने तपासू नयेस. चुका राहतील.

अहवालास पुरावा जोडावा म्हणून मी भाग्यलक्ष्मीचे हातमोजे आणि हत्यारे स्वच्छ कक्षात आणवली. तपासणीसाठी सुखदा बरोबर होती. अतिनील दिव्याची पद्धत तुला ठाऊक आहे: खोली पूर्ण अंधारी करायची आणि जांभळा दिवा फिरवायचा. तेल, चरबी, धाग्याचे तंतू त्यात उजळतात. हळद तर विशेषच, पिवळसर हिरवी.

हातमोजे स्वच्छ निघाले. पाने, पकड, टॉर्क रेंच, सर्व स्वच्छ. मी रेंच उलटून पुन्हा पाहत होतो, तेवढ्यात सुखदा हसली.

"काका! तुमचा चष्मा ग्लो करतोय! सिरियसली, नाकावर एकदम रेडियम! तुम्ही तर सायन्स फिक्शन दिसताय."

मी चष्मा काढला. नाकावर बसणारा भाग आणि उजवी काडी उजळली होती. पिवळसर हिरवी.

"काच पुसायच्या द्रावणाचा अंश असावा," मी म्हणालो.

"ओके, काका," ती म्हणाली. दिवा तिने जरा जास्त वेळ धरला, की मला तसे वाटले, सांगता येत नाही.

मी खोटे बोललो. ते द्रावण मी स्वतः निवडलेले आहे आणि त्यात उजळणारे काहीही नाही.

तसबिरीविषयी तुला सगळे सांगितले नव्हते. पाण्यात कालवलेली हळद काचेवर टिकत नाही. दुपारपर्यंत तिचा चुरा चौकटीत पडतो आणि संध्याकाळी मी येतो तेव्हा तुझे कपाळ मोकळे असते. ते मला पाहवले नाही. म्हणून मार्चपासून मी हळद खोबरेल तेलात कालवतो. ती दिवसभर टिकते. मग मी हात धुतो. साबणाने, नियमानुसार, कोपरापर्यंत. परंतु तसबिरीकडे वाकताना चष्मा घसरतो आणि हात धुण्याआधीच मी तो वर सारतो. "तो चष्मा नाकावर राहायला एखादा खिळा ठोकू का?" असे तू म्हणायचीस, ती सवय.

चष्मा मी कधी धुतला नाही. चष्मा धुण्याचा नियम मी लिहिलेलाच नाही.

इंजिनात शिरणाऱ्या नळीचा शेवटचा जोड पूजेनंतर दुसऱ्या दिवशी बसवला गेला. मुख्य झडपेच्या अगदी मागे तो येतो. बोल्ट भाग्यलक्ष्मीने आवळले. परंतु पिशवी उघडून आतील सील माझ्या हाताने बसवली, कारण ते मी दुसऱ्या कोणास करू देत नाही. वाकून काम होते. चष्मा घसरला असणार. हातमोज्याने मी तो वर सारला का?

मला आठवत नाही. सायंकाळपासून मी तेच आठवण्याचा प्रयत्न करतो आहे. वाकलेलो आठवतो, सीलची चकाकी आठवते, भाग्यलक्ष्मीने "स्वल्प बाजूला व्हा, सर" म्हटलेले आठवते. हात आठवत नाही.

—

१५ ऑक्टोबर

अजून सांगितलेले नाही.

कारणे लिहून काढावीत म्हणजे त्यांचा फोलपणा दिसेल, असे ठरवून बसलो. पहिले कारण: खात्री नाही. दुसरे: चाचणी रद्द झाली तर कंपनीचे काय होईल ते शुभंकरने मला सांगितलेले नाही, पण तो जेवत नाही. तिसरे कारण लिहिण्यासाठी अर्धा तास थांबलो. मुलाला सांगावे लागेल की बाप रोज सकाळी काय करतो. मी त्याच्यासमोर अजून एकदाही तुझे नाव घेतलेले नाही.

आज चाचणीपूर्व बैठक झाली. इंजिन पेटवण्याआधी नळीतून थोडा थोडा द्रवरूप ऑक्सिजन सोडून ती थंड करावी लागते. नाहीतर गरम नळीत त्याची वाफ होऊन प्रवाह तुटतो. त्या वेळी दाब कमी असतो, जोड स्वच्छ असेल तर धोका नसतो, आणि एकजण स्टँडजवळ जाऊन जोडांची गळती पाहतो. मोठ्या केंद्रांत हे कॅमेरे करतात. आपल्याकडे भाग्यलक्ष्मी करते.

"भाग्यलक्ष्मी नाही, मग लीक चेकला कोण?" सुखदाने विचारले.

"मी जाईन," शुभंकर म्हणाला.

"तू कंपनीचा मालक आहेस. इन्शुरन्सवाले हार्टअटॅकने जातील."

"त्या जोडांची जागा तिच्यानंतर मलाच माहीत आहे. मी जाणार, बस्स."

मी मान खाली घालून बैठकीचे टिपण लिहीत राहिलो. तुझ्या ध्यानात आले ना? मी अहवाल लिहिला म्हणून भाग्यलक्ष्मी भांडारात गेली. ती भांडारात गेली म्हणून अठरा तारखेस त्या जोडापाशी तुझा मुलगा उभा राहणार. जोडात काही असेल तर ते मी ठेवलेले आहे.

ठरवले आहे. उद्या सर्वांच्या आधी जाऊन मी एकटाच जोड उघडणार, सील बदलणार, पुसून दिव्याखाली पाहून पुन्हा बंद करणार. कोणास कळण्याचे कारण नाही. तारीखही टळणार नाही.

—

१६ ऑक्टोबर

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

उजाडताच टॅक्सीने निघालो. हेब्बाळनंतर रस्ता मोकळा होता. चष्मा तीनदा धुतला होता. शेडमध्ये पोहोचलो, रेंच घेतला आणि स्टँडपाशी गेलो, तर सुखदा तेथे डबा उघडून पोहे खात बसली होती.

"गुड मॉर्निंग, काका. पोहे?"

"तू इतक्या लवकर?"

"तुमची वाट बघत होते. काल पण बघितली, परवा पण." तिने डबा बंद केला. "एकट्याने जोड उघडायचा नाही, काका. दोघं पाहिजेत. एकजण करणार, एकजण बघणार. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलं होतंत. मला तर वाटलं होतं, शाळेत आले की काय."

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"चष्म्यावर हळद आहे एवढं माहीत आहे. बाकी तुम्ही सांगाल, म्हणून थांबले. पण उद्या संध्याकाळपर्यंत नसतं सांगितलंत, तर मी सांगितलं असतं. शुभंकर तिथे उभा राहणार आहे, काका." आता तिचा आवाज हसरा नव्हता.

मी रेंच खाली ठेवला.

नऊ वाजता सर्वांना बोलावण्यास सांगितले. भाग्यलक्ष्मीलाही भांडारातून बोलावले. ती दाराशीच उभी राहिली. मी उभा राहून बोललो. तसबीर, हळद, खोबरेल, चष्मा, सील, या क्रमाने. अहवाल चुकीचा आहे, तो मी मागे घेतो, आणि जोड उघडल्याशिवाय या चाचणीस माझी संमती नाही, असे सांगितले. माझ्या आवाजात काही फरक पडला असे वाटत नाही. टेबल मात्र धरले होते.

शुभंकर माझ्याकडे पाहत होता. रागावेल अशी माझी अपेक्षा होती.

"खोबरेल?" तो म्हणाला. "अण्णा, ते तुम्ही लावता?"

"दुसरे कोण लावणार?"

"मला वाटलं, कामाच्या बाई लावतात." तो खाली बसला. मग उठला. भाग्यलक्ष्मीकडे वळून म्हणाला, "कॅपवरचा टिळा माझा आहे. मी लावला. कॅप फेकायचीच होती, म्हणून म्हटलं, चालेल. आई दरवर्षी पायांना लावायची, मला एकदा तरी इंजिनाला लावायचा होता. तिच्यासाठी. तुझ्यावर आलं तेव्हा बोलायला हवं होतं. सगळ्यांसमोर कसं सांगू, म्हणून नाही बोललो."

आता विचार कर. अहवालावर सही करताना तो कागदाकडे इतका वेळ का पाहत होता, ते मला आज कळले. बाप आणि मुलगा एकाच घरात राहून एकमेकांपासून तेच लपवीत होते आणि त्याची किंमत भरत होती तिसरीच.

भाग्यलक्ष्मीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "दोघे सर लोक मोठे. सॉरी म्हणाल, मी पण 'इट्स ओके' म्हणेन. पण माझं नाव कागदावर लिहिलं होतं. ते कागदावरच पुसा. आणि जोड मी उघडणार. तुम्ही लांब उभे राहा, सर. चष्मा काढून."

मी लांब उभा राहिलो. चष्म्याशिवाय मला तिचे हात अस्पष्ट दिसत होते. सुखदाने शेडचे पडदे ओढले. दिवा फिरला.

"आहे," सुखदा म्हणाली. "सीलच्या आतल्या कडेला. बोटाएवढं."

संयोगिता, माझी खात्री झाली, आणि खात्री झाल्यावर जी भीती वाटली तिच्यापुढे गेले तीन दिवस काहीच नव्हते. परवा तेथे तो उभा राहिला असता.

चाचणी पुढे ढकलली. गुंतवणूकदारांना फोन शुभंकरने केला. कारण काय सांगितले ते मी विचारले नाही. परतताना आम्ही एकाच गाडीत होतो. विमानतळाचा उड्डाणपूल लागला. मग तो म्हणाला, "अण्णा, आईला ते खोबरेल आवडायचं नाही. ती बदामाचं वापरायची."

"बदामाचे तेल महाग आहे आणि लवकर खवट होते," मी म्हणालो.

त्यावर तो हसला. मोठ्याने, बराच वेळ; टॅक्सीवाल्याने मागे वळून पाहिले. हसता हसता तो रडू लागला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. घर येईपर्यंत तो तेथे होता.

—

७ नोव्हेंबर

चाचणी आज झाली.

दिवाळीत भाग्यलक्ष्मीने सुट्टी घेतली नाही. सबंध ऑक्सिजन लाइन उतरवून, धुऊन, तपासून तिने पुन्हा बसवली. मी काचेबाहेरून पाहिले. दुरुस्त अहवाल मी लिहिला, तिने तो वाचला, एक वाक्य बदलायला लावले. 'चुकीने संशय घेतला' असे मी लिहिले होते. 'न विचारता संशय घेतला' असे तिला हवे होते. ते अधिक बरोबर आहे.

थंडावणीच्या वेळी गळती पाहायला तीच गेली. पांढरे धुके स्टँडवरून खाली उतरत होते आणि त्यात तिचे पिवळे शिरस्त्राण हलत होते. शुभंकर बंकरमधील नियंत्रण कक्षात माझ्या शेजारी होता. त्याने खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटे पांढरी पडली. माझीही तीच अवस्था असावी. मी पाहिले नाही. जोड चांगला आहे हे मला ठाऊक होते. ठाऊक असण्याचा उपयोग होत नाही. ती परत आली, बंकरचे दार लागले, तेव्हा आम्ही श्वास सोडला.

मग सुखदाने उलटी मोजणी केली आणि इंजिन पेटले.

आवाज कानांनी ऐकण्याआधी छातीला कळतो, हे मी विसरलो होतो. ज्वाला सरळ, जवळजवळ पारदर्शक, तिच्यात प्रकाशाच्या गाठी. अर्धा मिनिट जळायचे होते, परंतु त्याआधीच संगणकाने इंजिन बंद केले. ज्वलनकक्षातील दाब थरथरू लागला होता. सुखदा म्हणते, इंजेक्टरमधून केरोसीन आणि ऑक्सिजन नीट मिसळत नाहीत, जाळ हेलकावे खातो. ही निराळी व्याधी आहे, आणि जुनी. मोठमोठ्या इंजिनांना तिने वर्षानुवर्षे छळले आहे. ऑक्सिजनचा जोड शाबूत होता. नळी शाबूत होती. माणसे शाबूत होती.

"फेल म्हणायचं का पास?" गुंतवणूकदारांपैकी एकाने विचारले.

"पेटलं, थांबलं, फुटलं नाही," शुभंकर म्हणाला. "पहिल्याच वेळी यापेक्षा जास्त मागू नका." ते चहा घेऊन गेले. पुन्हा येतील की नाही, ते त्यांनी सांगितले नाही. शुभंकर दुपारी जेवला. दोन वाट्या भात.

स्वच्छ कक्ष मी आज सोडला. शुभंकर नको म्हणाला, सुखदा नको म्हणाली. नवा नियम करू, चष्मा धुऊ, एवढ्यासाठी कशाला, असे म्हणाले. मी त्यांना सांगितले की सकाळी मी जे करतो ते सोडणार नाही. आता आम्ही दोघे करतो, आणि त्याच्या आग्रहाने बदामाचे तेल आले आहे. त्याला कक्षात काम नाही, त्याला चालेल. मला चालणार नाही. ज्याला ती खोली हवी, त्याचे घरून येणारे हात कोरे असले पाहिजेत. माझे नाहीत, आणि ते तसे असावेत अशी माझी इच्छाही नाही. ही तक्रार नाही. निर्णय आहे.

कक्ष भाग्यलक्ष्मीकडे गेला. ताबा घेताना तिने एकेक कपाट दिव्याखाली पाहिले, घाई केली नाही. शेवटी दिवा माझ्याकडे वळवला. हात पुढे करायला लावले. मग चष्मा मागितला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"आहे, सर," ती म्हणाली. "थोडी."

"असणार," मी म्हणालो.

"अक्कांना सांगा, मी विचारलं म्हणून."

सांगतो आहे.

पंखा बंद केला. दिवा बंद केला. बूट बदलून बाहेर आलो. दुपारचे ऊन द्राक्षबागेवर होते आणि स्टँडपाशी सुखदा आणि शुभंकर इंजेक्टरवरून भांडत होते, मोठ्याने. दार लावून कुलूप घातले. दोन्ही किल्ल्या भाग्यलक्ष्मीच्या हाती दिल्या.